दोई इंथानोन: शनिवार-रविवारची स्कूटर आणि डोंगरवाटेची सहल कशी आखावी

थायलंडमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे दोई इंथानोन, उंची २,५६५ मीटर. उत्तर थायलंडातल्या चियांग माई शहराहून स्कूटरवर निघालं तर शनिवार-रविवारात तो पाहून होतो आणि वरच्या जंगलातल्या दोन-तीन पायवाटाही चालता येतात. बेत आखताना बहुतेक गट चढाचाच विचार करतात: किती वाजता पोचू, सूर्योदय मिळेल का. माझं म्हणणं उलट आहे. आधी रविवारची उतरण ठरवा. पाय दमलेले, झोप अपुरी आणि समोर जवळपास ४८ किलोमीटरचा घाट, हाच या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग. बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवा.

१. महिना निवडा

नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत चांगले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडात शेतं आणि जंगलं पेटवलेली असतात. तेव्हा धुरामुळे समोरची दरीसुद्धा दिसत नाही. जून ते ऑक्टोबर पावसाचे, आणि त्या काळात किउ माए पान ही मुख्य पायवाट बंद असते.

२. परवाना आणि विमा

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरूनच काढून न्या आणि त्यावर दुचाकीच्या वर्गापुढे शिक्का आहे ना, हे हातात घेतल्याबरोबर पाहा. फक्त चारचाकीचा शिक्का असलेला परवाना स्कूटरला चालत नाही. भाड्याच्या दुकानात कोणी विचारणार नाही, पण पोलीस विचारतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी विचारते. प्रवास विम्यात दुचाकीचं कलम वेगळं असतं. बऱ्याच पॉलिसींत इंजिनाची मर्यादा असते, योग्य परवाना नसेल तर दावा नाकारला जातो. ते बारीक अक्षरांतलं कलम गटातल्या प्रत्येकाने स्वतः वाचावं. स्कूटरबरोबर येणारा थायलंडचा सक्तीचा विमा माणसाच्या दुखापतीपुरता असतो, गाडीचं नुकसान त्यात येत नाही.

३. स्कूटर घेताना

मूळ पासपोर्ट गहाण ठेवू नका. रोख डिपॉझिट आणि पासपोर्टची झेरॉक्स यांवर गाडी देणारी दुकानं चियांग माईत आहेत, दोन गल्ल्या जास्त फिरावं लागेल इतकंच. गाडी चारही बाजूंनी, आरशांसकट, व्हिडिओत टिपा. जुने ओरखडे दुकानदाराला दाखवत दाखवत टिपलेत तर उत्तम. मग दोन्ही ब्रेक, टायरची नक्षी, हेडलाइट आणि हॉर्न तपासा.

एकट्याला १२५ सीसी पुरते. डबलसीट बसून, पाठीवर बॅगा घेऊन ११० सीसीवर हा घाट चढायला जाऊ नका. चढताना दम निघतोच, पण उतरताना तेच वजन ब्रेकवर येतं. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. टाचणीएवढ्या पट्ट्याचं डुगडुगतं हेल्मेट दिलं तर बदलून मागा.

गटात कोणी स्कूटर चालवायला कचरत असेल तर त्याला इथे शिकवत बसू नका. चियांग माईहून डोंगराच्या पायथ्याच्या चोम थोंग गावापर्यंत सोंगथेव, म्हणजे बाकांची सामायिक गाडी, मिळते. पुढे डोंगरावर जायला तिथून गाडी ठरवता येते.

४. शनिवार: निवांत चढा

सकाळी आठच्या सुमारास निघा. १०८ क्रमांकाचा महामार्ग सपाट, रुंद आणि कंटाळवाणा आहे. ट्रक जोरात जातात, तुम्ही डावी कड धरून चला. सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या मागे सर्वांत नवखा, शेवटी सर्वांत सराईत. प्रत्येक फाट्यावर मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं. एवढा नियम पाळला की फोनाफोनी करावी लागत नाही.

चोम थोंगला टाकी फुल करा आणि १००९ क्रमांकाच्या रस्त्याला लागा. उद्यानाचं तिकीट परदेशी प्रौढांना ३०० बाट आहे. ते खिशात जपून ठेवा, वर पुन्हा तपासतात. विसाव्या किलोमीटरनंतर वाचिराथान धबधबा लागतो. इंजिन आणि माणसं, दोघांनाही तिथे विश्रांती मिळते.

मुक्काम माए क्लांग लुआंग या कारेन लोकांच्या गावात करावा. भातखाचरांच्या कडेला राहायची सोय होते. दुपारी तिथलाच वाटाड्या घेऊन फा दोक सिउची वाट चाला. धबधबा, जंगल, खाचरं असं करत ती उतरत गावात येते, म्हणून स्कूटर गावातच ठेवा आणि वरच्या टोकाला कसं पोचायचं ते वाटाड्याशी ठरवा.

५. रविवार: आधी वर, मग पायी

थंडीची तयारी हवी. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे शहर आणि माथा यांत चौदा-पंधरा अंशांचा फरक. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर कधीकधी दवसुद्धा गोठतं. त्यात स्कूटरवरचा वारा. हातमोजे नसतील तर बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही.

सकाळी लवकर किउ माए पान गाठा. सुमारे तीन किलोमीटरचा फेरा आहे आणि स्थानिक ह्मोंग जमातीचा वाटाड्या घ्यावाच लागतो. आधी शेवाळलेलं ओलं जंगल, मग एकदम उघडं गवताळ पठार आणि बाजूला कडा. हिवाळ्यात इथे लाल ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. शेजारीच थायलंडचे तेव्हाचे राजा भूमिबोल आणि राणी सिरिकित यांच्या साठाव्या वाढदिवसांनिमित्त १९८७ आणि १९९२ साली बांधलेले दोन पॅगोडे आहेत. माथ्यावर दृश्य असं काही नाही, एक पाटी आणि फोटोसाठी रांग. पण तिथला आंग का हा छोटा लाकडी मार्ग धुक्यात फार सुंदर दिसतो.

६. उतरण

दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास नुसते बसा, मग निघा. तीनच्या पुढे निघू नका. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधारतं.

गिअर नसलेल्या स्कूटरचं इंजिन एक्सलेटर सोडल्यावर गाडीला थोडं अडवून धरतं, पण वेग फारच कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. नवखे इथेच फसतात. भीतीने अगदी हळू येतात, इंजिनाची अडवणूक जाते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. तसं झालं की सरळ रस्ता बघून एक्सलेटर जरासा द्या, क्लच पुन्हा धरतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा आणि सोडा. ब्रेक नरम लागला किंवा जळका वास आला तर लगेच कडेला थांबा आणि गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर मुळीच नको.

गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. दोन्ही क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

७. गाडी परत करताना

दुकान बंद होण्याच्या तासभर आधी पोचा. ठरल्याइतकं पेट्रोल भरा, चिखल पुसा आणि दुकानदार गाडी तपासत असताना शेजारी उभे राहा. त्याने एखादा ओरखडा दाखवला तर आवाज न चढवता शनिवारचा व्हिडिओ काढा. डिपॉझिट मोजून घेतल्यावरच किल्ली सोडा.