लिलावातल्या फोटोवरून गिन्नीची अवस्था कशी ओळखावी

लिलावाची यादी चाळताना नजर आधी चमकेवर जाते. पण फोटोत सगळ्यात सहज बदलता येते ती चमकच. दिवा थोडा सरकवला की तीच गिन्नी आज पाडल्यासारखी दिसते किंवा मळकट दिसते. म्हणून आधी झीज पाहावी, मग पृष्ठभाग, मग किनार, आणि चमकेचा विचार शेवटी करावा.

उदाहरणाला पंचम जॉर्जची 1918 ची मुंबई टाकसाळीची गिन्नी घेऊ. आपल्याकडच्या लिलावांत ती बऱ्याचदा येते. घोड्यावर बसून अजगराला मारणारा सेंट जॉर्ज असलेल्या बाजूला सनाच्या बरोबर वर, जमिनीच्या पट्टीवर बारीकसा इंग्रजी ‘आय’ (I) असतो. ती मुंबईची खूण. वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, सोने 22 कॅरेट. हे आकडे पाठच असावेत.

फोटो विश्वासाचा आहे का?

यादीतला छोटा फोटो उपयोगाचा नाही. मूळ आकाराची फाइल उतरवून संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहा. नाणे ज्यावर ठेवले आहे तो कागद पांढरा दिसतो का ते बघा. कागदच पिवळट असेल तर सोन्याच्या रंगावरून काहीही ठरवू नका. गालावर किंवा घोड्याच्या पुठ्ठ्यावर पांढराफटक ठिपका असेल, तर प्रकाश जास्त पडला आहे, आणि नेमके ओरखडे तिथेच लपतात.

एकाच नाण्याचे दोन फोटो असतील तर एखादा ठळक ठोका शोधा आणि तो दोन्हींत त्याच जागी आहे का ते ताडून पाहा. नसेल तर फोटो दुसऱ्याच नाण्याचा आहे.

झीज: उंच भाग आधी

नाणे हातोहात फिरले की आधी उंच भाग घासतात. राजाच्या बाजूला गालाचे हाड, भुवई, मिशी आणि कानावरचे केस पाहा. दुसऱ्या बाजूला सेंट जॉर्जची छाती आणि मांडी, घोड्याचा पुठ्ठा, शिरस्त्राण.

कानावरचे केस मिसळून एकसंध पट्टा झाला, पण दाढीच्या बटा वेगळ्या दिसतात, तर दर्जा ‘व्हीएफ’च्या (व्हेरी फाइन, मध्यम झीज) आसपास. केस सुटे आहेत आणि फक्त गाल व भुवईवर किंचित मंदपणा आहे, तर ‘ईएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन, अगदी थोडी झीज). कुठेही घासल्याची खूण नाही आणि चमक उंच भागावरूनही अखंड वाहते, तरच ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेले). यादीत हे अक्षर फार सढळ हाताने लिहिले जाते, तेव्हा आपण आपलेच पाहावे.

इथे एक गफलत होते. कधी छापच कमजोर पडलेली असते आणि केस मुळातच पुसट उमटतात. झिजलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा, निस्तेज दिसतो. कमजोर छापेच्या जागी चमक तशीच पुढे जाते. सरळ वरून काढलेल्या फोटोत हा फरक कळत नाही, त्यासाठी तिरका फोटो मागावा लागतो.

पृष्ठभाग: ठोके आणि उजाळा

गिन्न्या पिशव्यांतून एकमेकींवर आपटत गेल्या, म्हणून गालावर आणि मोकळ्या भागात बारीक ठोके असणारच. त्यांना घाबरू नका. घाबरायचे ते सारख्या दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या रेघांना. रिठ्याच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासले, किंवा सोनाराकडून उजळून आणले, की अशा रेघा पडतात. राजाच्या चेहऱ्यासमोरचा मोकळा भाग मोठा करून पाहा. रेघा अक्षरांवरूनही तशाच पुढे जातात, तर नाणे घासलेले आहे. बफ मारलेल्या नाण्यावर रेघा नसतात, पण अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल होतात आणि सगळीकडे एकसारखी आरशासारखी झळाळी येते. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांकडे असे नाणे गेले तर दर्जाच्या आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा येतो, आणि भाव तिथेच पडतो.

किनार: कडीचा माग

आपल्याकडे या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. घरोघरी गिन्न्या गळ्यात गेल्या. कडी लावून हारात ओवल्या गेल्या. पुढे कडी काढून जागा घासून घेतली जाते. राजाच्या डोक्यावरचा काठ, म्हणजे घड्याळात बाराचा आकडा असतो ती जागा, नीट पाहा. तिथे किनारीचे दाते सपाट असतील, काठालगतचे दाणे बुजले असतील किंवा डाखेचा (कडी जोडायला लावलेल्या धातूचा) वेगळा रंग दिसत असेल, तर कडी होती. मात्र कडी कधी कधी चुकीच्या जागी बसवलेली असते, म्हणून पूर्ण कड फिरवून पाहा. कोंदणात बसवलेल्या गिन्नीला दोन्ही बाजूंनी काठाला गोल घासटलेला पट्टा असतो.

किनारीचा फोटो यादीत बहुधा नसतो. तो मागा, आणि त्याच संदेशात दोन दशांशांच्या काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटोही मागा. चलनात चालायला किमान 7.938 ग्रॅम वजन लागत असे. त्याखाली गेले तर झीज जास्त किंवा सोने काढलेले. 8.05 च्या पुढे दिसले तर डाख उरली आहे, किंवा नाणे नकली आहे.

नकलीच्या खुणा: अक्षरांभोवती बारीक पुळ्या, कडा मऊ, दाणे एकसारखे नाहीत, सनाच्या उजवीकडची, सेंट जॉर्जचे चित्र कोरणाऱ्या पिस्त्रुचीची ‘बी.पी.’ ही आद्याक्षरे अस्पष्ट. 1917 ची लंडन टाकसाळीची गिन्नी दुर्मीळ आहे आणि तिच्यावर टाकसाळीची खूण नसते. त्यामुळे दुसऱ्या टाकसाळीची खूण खरवडून ती ‘लंडनची’ केली जाते. सनावरची पट्टी खडबडीत किंवा खोलगट दिसली तर थांबा.

बोलीचा आकडा

गिन्नीत शुद्ध सोने 7.32 ग्रॅम. 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर नुसत्या धातूचे 73,200 होतात. लिलावगृहाचे कमिशन 15 टक्के असेल तर 80,000 ची बोली 92,000 ला पडते, त्यावर कर वेगळा. कडीचा माग किंवा उजाळा दिसला, तर धातूच्या भावाच्या फार वर जाऊ नका. आणि मागितलेले फोटो मिळालेच नाहीत, तर कडी होती असेच धरून बोली लावा.

परदेशात राहणाऱ्यांनी आधी एक तपासावे: शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि ते खाजगीरीत्या भारताबाहेर नेता येत नाही.