डब्ल्यूडीएम-२ सुरू होऊन लगेच बंद पडत होतं, ते असं दुरुस्त केलं

१९६२ साली अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेली ही रेल्वेची डिझेल इंजिनं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. माझी सगळी नोकरी यांच्यावरच झाली. त्यामुळे जतन केलेलं एक इंजिन बघायला बोलावलं, तेव्हा फार आनंद झाला.

तक्रार अशी: इंजिन सुरू होतं, क्षणभर चालतं आणि बंद पडतं.

बराच काळ उभ्या असलेल्या इंजिनाला थेट स्टार्ट देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी डिकॉम्प्रेशन प्लग (सिलिंडरमधला दाब मोकळा करणारी बुचं) उघडून क्रँकशाफ्ट हातानं फिरवला. कोरडं निघालं.

मग डिझेलच्या प्रेशर गेजकडे पाहिलं. काटा थरथरत होता. फिल्टरचा प्लग सैल केला, तर डिझेलबरोबर बुडबुडे! म्हणजे टाकी आणि बूस्टर पंप (टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा पंप) यांच्यामध्ये कुठून तरी हवा आत येत होती. या बाजूची गळती फसवी असते. पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते. जागा ओली दिसतच नाही.

म्हणून फट तात्पुरती बुजावी यासाठी प्रत्येक जोडावर ग्रीस थापत गेलो. प्राथमिक फिल्टरच्या झाकणावर ग्रीस लागताच काटा स्थिर झाला. तिथलं गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, वाळून कडक झालं होतं. ते बदललं, लाइनमधली हवा काढली आणि इंजिन सलग चालू राहिलं. अल्कोचा तो आवाज पुन्हा ऐकू आला!

उभ्या इंजिनाची रबरी आणि कागदी गॅस्केटं आधी बदलून घ्या. लोखंड टिकतं, ती टिकत नाहीत.