स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला चौघं-आठजण जायचं तर

माणसं चाराच्या पटीत जमवा. पाच-सहा झाली की टी-टाइमपाशी, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेपाशी, घोडं अडतं. हँडिकॅपचं (खेळाडू किती तयारीचा ते सांगणाऱ्या आकड्याचं) प्रमाणपत्र प्रत्येकाकडून आधीच मागून घ्या; ‘माझं साधारण अठरा धरा हो’ तिथे चालत नाही.

ओल्ड कोर्सची, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या मैदानाची, वेळ आगाऊ मिळाली नाही तर बॅलट असतो: दोन दिवस आधी नावं द्यायची, चिठ्ठी निघाली तर खेळायचं. रविवारी एरवी खेळ बंद, गावकरी तिथे कुत्री फिरवतात. म्हणून मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा आणि रोज नाव टाका. कार्नूस्टी आणि नॉर्थ बेरिक ही स्कॉटलंडमधली दुसरी दोन मैदानं मात्र घरूनच पक्कं करा. नॉर्थ बेरिकच्या तेराव्या होलला ग्रीनच्या (चेंडू घालायचं भोक असलेल्या बारीक हिरवळीच्या) ऐन पुढ्यात दगडी गडगा आहे. चेंडू त्यावरून अलगद उतरवायचा. आमच्यातले भलेभले तो गडग्यावर आपटून परत घेतात. मला तर कार्नूस्टीपेक्षा हेच आवडतं.

बग्गीची (मैदानात फिरायच्या छोट्या गाडीची) आशा सोडा, चालायचंय. छत्री वाऱ्यात उलटी होते, त्यापेक्षा पावसाळी जाकीट-पँट आणि जादा हातमोजे घ्या. वारा समोरून असला की चेंडू उंच न मारता सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी टोकाच्या काठीने) सरपटत पाठवा. जमीन टणक असते, पळतो.

आणि पैसे? विमानाची तिकिटं काढण्याआधीच सगळ्यांकडून गोळा करा.