महागड्या कंपनीचा स्वस्त फोन घेताना

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात म्हापशातल्या माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर फोन घेऊन येणारे कमी आणि सल्ला मागणारे जास्त. ॲपलचा, गूगलचा 'त्यातल्या त्यात स्वस्त' फोन घ्यावा का? घ्यावा. आणि नाव खाली येईल ही भीती सोडून या कंपन्यांनी असे फोन काढावेतही. फक्त किंमत उतरवताना कात्री नेमकी कुठे चालवली, ते तुम्ही दुकानात जाण्याआधी शोधून काढायचं.

सुरुवात चिपपासून, म्हणजे फोनच्या मेंदूपासून, करा. २०१३ साली ॲपलने रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पाठीचा आयफोन ५सी काढला. आत मात्र आदल्या वर्षीच्या आयफोन ५ चीच ए६ चिप. भारतात त्याची किंमत ४१,९०० रुपये आणि नव्या चिपचा ५एस ५३,५००. एवढा खर्च करायला निघालेला माणूस आणखी साडेअकरा हजारांसाठी जुनी चिप कशाला घेईल? २०१६ चा पहिला आयफोन एसई याच्या बरोबर उलट. बॉडी ५एसचीच, छोटीशी, पण चिप तेव्हाच्या ६एसची. जुनी बॉडी आणि नवी चिप असेल तर खुशाल घ्या. नवी बॉडी आणि जुनी चिप असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पुढे चला.

हाच नियम २०२५ च्या दोन फोनांना लावून बघा. आयफोन १६ई भारतात ५९,९०० ला आला (याला स्वस्त म्हणताना माझी जीभ अडखळते, पण आयफोन १६ बाजारात आला तेव्हा ७९,९०० ला होता). चिप त्याच ए१८ घराण्यातली, ग्राफिक्सचा एक कोअर कमी. मॅगसेफ, म्हणजे पाठीला चुंबकाने चिकटणारं चार्जिंग, नाही, आणि मागे कॅमेरा एकच. गूगलचा पिक्सेल ९ए ४९,९९९ ला आला, पिक्सेल ९ पेक्षा तीस हजारांनी कमी. चिप दोघांत तीच. रॅम १२ ऐवजी ८ जीबी, पुढची काच साधी, पाठ प्लास्टिकची. बॅटरी उलट मोठी, ५,१०० एमएएच. सात वर्षांचे अपडेट दोन्ही पिक्सेलांना आहेत, पण ९ए नंतर बाजारात आल्यामुळे त्याचे २०३२ पर्यंत चालतील, महागड्या भावाच्या पुढे. कात्री अशी चालवली तर माझी तक्रार नाही.

कॅमेऱ्याचं काय करायचं, ते तुमच्या घरावर ठरवा. आपल्याकडच्या जुन्या घरात गणपतीची खोली केवढीशी! वर माटोळी, म्हणजे फळा-रानफळांनी सजवलेली चौकट, बांधलेली: नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, रानातली कांगलां. खाली मखर, आजूबाजूला मांडी घालून बसलेलं सगळं गणगोत. पाठ भिंतीला टेकवली तरी साध्या लेन्सने एक तर माटोळी कापली जाते, नाही तर काकी. तिथे जास्त रुंद दृश्य टिपणारी अल्ट्रावाइड लेन्सच लागते, आणि ती १६ईमध्ये नाही, ९एमध्ये आहे. ज्याला नुसते मुलांचे फोटो आणि व्हिडिओ कॉल एवढंच हवं, त्याने या लेन्सचे पैसे आनंदाने वाचवावेत.

प्लास्टिकच्या पाठीला नाकं मुरडणारे मला रोज भेटतात. काचेची पाठ फुटली की तेच माझ्याकडे येतात आणि खर्च ऐकून गप्प होतात. सॅमसंगने २०२० मध्ये एस२० एफईला प्लास्टिकची पाठ दिली तेव्हा लोक हसले होते, पण कव्हर घातल्यावर काच कोण आणि प्लास्टिक कोण, सांगा बघू! पाठीवर काटकसर केली तर चालेल. पुढच्या काचेवर केली असेल तर पहिल्याच दिवशी चांगला स्क्रीनगार्ड लावा.

पाण्याचं मात्र आपल्या किनाऱ्यावर नीट बघून घ्या. स्वस्त मॉडेलमध्ये हे कलम पूर्वी हमखास गळायचं. २०१९ च्या पिक्सेल ३एला पाण्यात बुडणं सोसण्याचं रेटिंग नव्हतं. आता १६ई आणि ९ए दोन्ही आयपी६८ आहेत, म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याच्या चाचणीत उतरलेले. पण ती चाचणी गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. कळंगुटच्या लाटेत नाही. समुद्रात पडलेला फोन भिंगाखाली धरला की चार्जिंग पोर्टाच्या पिनांवर हिरवट थर दिसतो. तो एकदा चढला की केबल हलवत बसावं लागतं. वॉरंटी पाण्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाही. खाऱ्या पाण्यात पडलाच तर रेटिंगवाला फोन बंद करून गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पोर्ट खाली धरून हळूच झटका, पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका. तांदळात पुरू नका. कण आत जातात, ॲपलही तेच सांगते.

तेवढ्याच पैशांत मागच्या वर्षीचा वरचा फोन मिळत असेल तर? नवा सीलबंद असेल तर मी बहुतेकदा तोच घ्या म्हणतो, फक्त अपडेट किती साल शिल्लक आहेत ते मोजून. वापरलेला असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा, तो १५ आकडी नंबर असा एसएमएस सरकारच्या १४४२२ या नंबरवर पाठवा. उत्तरात येणारं मॉडेल आणि हातातलं मॉडेल जुळत नसेल, किंवा नंबर ब्लॅकलिस्टेड दिसला, तर विकणारा तुमच्या गावचा असला तरी फोन परत त्याच्या हातात द्या.