अंतराळ नौकेवरील मरीन सैनिकांच्या हाती तोफ कशी द्यावी

जबलपूरला तोफा आणि नागपूरजवळच्या अंबाझरीला तोफगोळ्यांचे भाग तयार होतात. त्यामुळे नागपूरच्या विज्ञानकथालेखकाने तोफखान्याचे वर्णन ढोबळ ठेवू नये. ब्रिटनमध्ये 1804 साली मरीन सैनिकांचा, म्हणजे जहाजांवरून लढणाऱ्या नौदलाच्या सैनिकांचा, स्वतंत्र तोफखाना उभा राहिला, तो जहाजांवरील उखळी तोफा चालवण्यासाठी. कथेतील तुकडीलाही, समजा ती नौकेतून चंद्रावर उतरणार असेल तर, असेच नेमके प्रयोजन द्यावे.

प्रथम शस्त्र ठरवावे. 155 मिलिमीटर तोफेचा गोळा सुमारे 43 किलो वस्तुमानाचा असतो. चंद्रावर तो उचलताना सात किलोंसारखा हलका वाटेल, परंतु एकदा हलू लागला की थांबवताना मात्र पूर्ण 43 किलोंचाच असेल. बोटे चिरडण्याचा धोका येथेच असल्याने गोळा भरण्याचा सराव प्रशिक्षणात सर्वाधिक काळ चालावा. दारूगोळ्यातच ऑक्सिजन पुरवणारे घटक असल्याने तोफ निर्वातातही डागता येते. हवेअभावी नळी मात्र फार सावकाश थंड होते, म्हणून माऱ्याचा वेग मर्यादित ठेवावा.

सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटलेला गोळा चंद्रावर चारशे किलोमीटरहून दूर, म्हणजे नागपूर–जबलपूर अंतराच्याही बराच पुढे जाईल. साहजिकच लक्ष्य क्षितिजाआड असेल, आणि पुढे राहून लक्ष्य पाहणाऱ्या व गोळे कुठे पडतात ते कळवणाऱ्या निरीक्षकाशिवाय तोफखाना आंधळा ठरेल. कल्पक लेखकसुद्धा या निरीक्षकाला विसरतात, असे माझे मत आहे. त्याला कथेत नाव, दुर्बीण आणि नौकेशी थेट संपर्क द्यावा. तोफेच्या मागच्या धक्क्यासाठी जमिनीत रुतणारे नांगर एकटे पुरेसे नाहीत; धक्का तेवढाच राहतो, पण चंद्रावर तोफेचे वजन सुमारे एक षष्ठांश होत असल्याने ती उचलली किंवा उलटली जाऊ शकते.