होमोसिस्टीन वाढलंय? गोळ्या सुरू करायच्या आधी काय बघायचं

घरातल्या वयस्कर माणसाच्या रिपोर्टमध्ये होमोसिस्टीनपुढे (हे रक्तातलं एक अमिनो ॲसिड) 'हाय' दिसलं की लगेच हार्ट अटॅकची चर्चा सुरू होते आणि कोणीतरी फोलिक ॲसिडची पट्टी घेऊन येतं. तसं करू नका, आधी कारण शोधा.

पहिलं काम, आकडा नीट बघा. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर नॉर्मल धरतात आणि वयाबरोबर तो थोडा वर सरकतोच, त्यामुळे पंचाहत्तरीत १७ आला तर झोप उडवायची गरज नाही, पण ४०-५० असेल तर मागे काहीतरी नक्की आहे. सॅम्पल कसं घेतलं तेही विचारा (हे कोणीच विचारत नाही!). नळीतल्या लाल पेशी रक्त काढल्यावरही होमोसिस्टीन सोडत राहतात, म्हणजे नळी बर्फात न ठेवता दोन-तीन तास तशीच पडून राहिली की आकडा उगाच फुगतो. शंका असेल तर उपाशीपोटी, लॅबमध्येच जाऊन परत टेस्ट करा.

आकडा खरा निघाला तर डॉक्टरांना विचारून बी१२, फोलेट (फोलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) करून घ्या. होमोसिस्टीन शरीरातच बनतं, त्याचा निपटारा करायला बी१२, फोलेट आणि बी६ लागतं, यातलं काही कमी पडलं की ते रक्तात साचतं. पण किडनी मंदावली किंवा थायरॉईड कमी झालं तरी ते वाढतं. चालू औषधांची यादीही सोबत न्या, कारण मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी१२ उतरू शकतं. म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत हं. बी१२ २०० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मधे लटकत असेल तर मिथाइलमॅलॉनिक ॲसिडची (बी१२ कमी पडलं की हे वाढतं) टेस्ट उपयोगी पडते, फक्त किडनीच्या त्रासात तीही वाढलेली दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बी१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. त्याने ॲनिमिया सुधारतो, सीबीसी छान दिसतो, सगळे खूश होतात आणि तिकडे बी१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं.

"अंडी, दूध, मासे सगळं खातात, मग बी१२ कमी कसं?" असं बरेच जण विचारतात. वय वाढलं की पोटातलं ॲसिड कमी होतं आणि अन्नातलं बी१२ सुटं होत नाही. गोळीतलं सुटंच असतं, म्हणून रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी बऱ्याच जणांना पुरते, पण पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा असं काही असेल तर डॉक्टर बहुतेक इंजेक्शननेच सुरुवात करतात. बी६ मात्र जपून, जास्त डोस बरेच महिने घेतला तर त्यानेच हातपाय बधिर होतात.

गोळ्यांनी आकडा उतरतो हे खरं, पण २००६ च्या होप-२ आणि नॉरविट या मोठ्या ट्रायल्समध्ये तो उतरूनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, त्यामुळे बीपी-कोलेस्टेरॉलची औषधं यासाठी सोडायची नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये परत टेस्ट करा. बी१२ भरलं तरी होमोसिस्टीन हलत नसेल तर डोस वाढवत बसू नका, क्रिएटिनिनचा रिपोर्ट परत काढून डॉक्टरांना दाखवा.