वडिलांवर चार पानं लिहायची तर

पहिला मसुदा मी तेराव्याच्या आदल्या रात्री लिहिला. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख.’ आईने वाचून विचारलं, “हे कोण गं?” तेव्हा सुरुवात विशेषणं खोडण्यापासून करा.

भेटायला येणाऱ्यांना ‘बाबा कसे होते?’ असं विचारू नका. ‘देवमाणूस’ एवढंच मिळतं. ‘तुमचं त्यांच्याशी कधी वाजलं का?’ असं विचारा. बाबा धरण-कालव्यांवरचे इंजिनिअर. कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारे निवृत्त पाटकरीकाका म्हणाले, “आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) चालू होतं, रावसाहेब रात्री दोनला टेलला (कालव्याच्या शेवटच्या टोकाला) आले. मी झोपलेलो. ओरडले नाहीत, शेजारी बसून डबा खाल्ला आणि मग मला अख्खा कालवा चालवला.” हे जसंच्या तसं उतरवा. विचारून फोनवर रेकॉर्ड केलं तर आणखी बरं.

मग कागद. सेवापुस्तक, बदल्यांचे आदेश, डायऱ्या. नाशिकजवळच्या धरणाबद्दल मी भाबडेपणाने लिहिलं होतं, ‘गंगापूर धरण उभारण्यात त्यांचा वाटा होता.’ धरण पूर्ण झालं १९६५ साली, तेव्हा बाबा चौथीत! सांभाळणं हेही कामच, पण ते सांभाळणं म्हणून लिहा.

त्यांचं काम शेजारच्या काकूंना कळेल असं सांगा, इथे घाई करू नका. गंगापूरचं धरण मातीचं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते किती येतं हे पायथ्याशी मोजतात, पण बाबा आधी रंग बघायचे. पाणी स्वच्छ असेल आणि नेहमीइतकंच असेल, तर ठीक. गढूळ आलं, तर आतून माती वाहून जातेय, झोप विसरा. हे लिहिताना लक्षात आलं, घरीही त्यांचं हेच चालायचं. माझा ताप असो की भावाची सुटलेली नोकरी, त्यांचा प्रश्न एकच: “पाणी स्वच्छ आहे की गढूळ?” घरातला माणूस आणि साइटवरचा इंजिनिअर असे दोन परिच्छेद मी केले होते, ते एकत्र केले.

समाजकार्याची प्रमाणपत्रं मोजत बसू नका. २०१५च्या सिंहस्थात ते रामकुंडावर स्वयंसेवक होते, एका ओळीत संपलं. खरी गोष्ट एका वहीत सापडली. गोदेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठवर चढलं: गुडघा, कंबर, छाती. बाबांना हे माप चालायचं नाही. त्यांनी वहीत धरणातून सोडलेले क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर) आणि त्यापुढे मारुतीचं पाणी कुठवर, अशा जोड्या लिहून ठेवल्या होत्या. विसर्गाचा आकडा कळला की वही उघडायची आणि भांडीबाजारात ओळखीच्या दुकानदारांना फोन: “खालचा माल वर घ्या.” २०१६च्या ऑगस्टमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं, जेवण गार झालं म्हणून आई चिडलेली.

त्यांचा तापटपणा ठेवायचा का, यावर भाऊ आणि मी दोन दिवस बोललो नाही. ठेवला. तुमच्याकडेही हे होईल, आईला विचारा आणि तिचं ऐका.

वाचायला चार मिनिटं पुरतात. छापण्याआधी ज्याची आठवण त्याला वाचून दाखवा. पाटकरीकाकांनी डोळे पुसत सगळं ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली:

“ताई, डबा माझा होता.”